निळ्या उजेडात मेंदूची गाठ

(दृश्य: मायक्रोस्कोपमधून दिसणारा उघडा मेंदू. पांढरा उजेड. सक्शनची नळी हलते आहे.)

या चित्रात गाठ कुठे आहे, शोधून पाहा.

फिकट गुलाबी ऊती, त्यावर रक्ताच्या बारीक रेघा. गाठीचा मधला भाग केव्हाच काढून झालाय. आता पोकळीची ही जी भिंत उरली आहे, ती गाठीची की मेंदूची? ग्लायोब्लास्टोमासारख्या, म्हणजे मेंदूच्या वेगानं पसरणाऱ्या कॅन्सरच्या गाठीला धड कडच नसते. तिच्या पेशी आजूबाजूच्या मेंदूत शिरत जातात, आणि कडेपाशी रंग, पोत सगळं सारखंच दिसू लागतं. आधी काढलेला एमआरआय बाजूच्या पडद्यावर आहे खरा. पण कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं, गाठीचा मोठा तुकडा निघाला, की मेंदू खाली बसतो. पडद्यावरचं चित्र आणि समोरचा मेंदू जुळेनासे होतात.

जास्त काढावं तर बोलणं किंवा हात-पाय जाण्याची भीती. कमी काढावं तर गाठ मागे राहते.

(दृश्य: थिएटरमधले दिवे मालवले जातात. मायक्रोस्कोपचा उजेड निळा होतो. काही क्षण निवेदन नाही.)

हा निखाऱ्यासारखा लाल भाग म्हणजे गाठ. निळा राहिलेला भाग बहुतेक निरोगी मेंदू. आणि दोहोंच्या मध्ये ही फिकी गुलाबी पट्टी दिसतेय? तिथे गाठीच्या पेशी विरळ होत मेंदूत मिसळल्या आहेत. खरी डोकेदुखी या पट्टीची.

(दृश्य: छोट्या बाटलीत पांढरी पावडर. सिस्टर त्यात पाणी घालून हलवतात.)

या लाल रंगाची सुरुवात काही तास आधी, वॉर्डात झाली. या पावडरीचं नाव फाइव्ह-अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड. थिएटरमध्ये सगळे फाइव्ह-एएलए म्हणतात. मात्रा शरीराच्या दर किलो वजनाला 20 मिलिग्रॅम. पाण्यात विरघळवून, भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी रुग्णाला प्यायला देतात. इंजेक्शन नाही, सलाईन नाही.

हा पदार्थ शरीराला परका नाही. रक्ताला लाल करणारं हीम आपलं शरीर यापासूनच बनवतं. फाइव्ह-एएलएचे आठ रेणू जुळून, टप्प्याटप्प्यानं प्रोटोपॉर्फिरिन-नऊ तयार होतं आणि शेवटी एक विकर त्यात लोह बसवतं. लोह बसलं की हीम तयार, आणि हीम चमकत नाही. गाठीच्या पेशींत हा शेवटचा टप्पा रखडतो. लोह बसत नाही, प्रोटोपॉर्फिरिन साचत जातं. त्यावर सुमारे 400 नॅनोमीटरचा निळा उजेड पडला की ते 635 नॅनोमीटरच्या आसपास लाल उजेड परत सोडतं. मायक्रोस्कोपमधला फिल्टर निळ्या उजेडाचा बराचसा भाग अडवतो, म्हणून हा लाल रंग डोळ्यांना दिसतो.

(दृश्य: रक्ताचा थेंब पसरतो आणि लाल चमक झाकली जाते. सक्शन. चमक पुन्हा दिसते.)

वरून रक्त आलं की चमक गायब, म्हणून पोकळी सतत स्वच्छ ठेवावी लागते. फार वेळ उजेड पडला तरी चमक ओसरते. सर्जन मधूनमधून पांढऱ्या उजेडावर येतात आणि रक्तस्राव थांबवून पुन्हा निळ्यावर जातात.

कल्पना जुनीच. अमेरिकेत मिनेसोटाचे जॉर्ज मूर यांनी 1940च्या दशकातच फ्लुओरेसिन हा रंग देऊन मेंदूतल्या गाठी ओळखून पाहिल्या होत्या. फाइव्ह-एएलएची मोठी चाचणी जर्मनीतले न्यूरोसर्जन वॉल्टर स्टुमर आणि सहकाऱ्यांनी केली. ती 2006मध्ये प्रसिद्ध झाली. एमआरआयवर उजळणारी गाठ पूर्ण निघाल्याचं प्रमाण निळ्या उजेडाच्या गटात 65 टक्के होतं, नेहमीच्या पद्धतीत 36 टक्के. युरोपात 2007मध्ये, अमेरिकेत 2017मध्ये मंजुरी मिळाली. एकूण आयुष्य किती वाढलं, यात मात्र त्या चाचणीत दोन गटांत ठोस फरक दिसला नव्हता.

(दृश्य: डबीत ठेवलेला तांदळाएवढा तुकडा. डबी घेऊन जाणारा हात. कॉरिडॉर.)

मेंदूच्या शस्त्रक्रियेवरच्या बहुतेक फिल्म थिएटरच्या दाराशी थांबतात. आम्ही या डबीमागे गेलो, कारण लाल दिसलं म्हणजे निदान झालं, असं नाही. दुसऱ्या अवयवातून आलेली गाठ चमकू शकते, लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) चमकू शकतो, कधी नुसती सूजही. उलट, हळू वाढणाऱ्या कमी श्रेणीच्या बऱ्याच गाठी चमकतच नाहीत. गाठ कुठे असावी, ते उजेड दाखवतो. ती कसली आहे, ते पॅथॉलॉजिस्ट सांगतात.

(दृश्य: पॅथॉलॉजी लॅब. क्रायोस्टॅटचं पातं. दोन काचांमध्ये दाबला जाणारा तुकडा.)

हे फ्रोजन सेक्शन. तुकडा गोठवायचा, काही मायक्रॉन जाडीचा काप घ्यायचा, रंगवायचा, पाहायचा. मेंदूत पाणी भरपूर, त्यामुळे गोठवताना बर्फाचे स्फटिक होऊन पेशींची ठेवण बिघडते. म्हणून तुकड्याचा कण दोन काचांमध्ये चिरडून स्मिअरही करतात. पाहा, अंगठ्याचा दाब किती हलका आहे. एवढं होऊन इंटरकॉमवर उत्तर जाईपर्यंत वीस-तीस मिनिटं सहज जातात. तिकडे कवटी उघडी असते आणि सगळे थांबलेले असतात.

(दृश्य: पेनासारखा प्रोब मेंदूला टेकतो. पडद्यावर करड्या रंगात पेशी उमटतात.)

तो वेळ हा प्रोब वाचवू पाहतो. शिरेतून फ्लुओरेसिन दिलेलं आहे, प्रोबच्या टोकाला निळा लेझर. तुकडा न काढता जागच्या जागी पेशी दिसतात. एका वेळी दिसणारा भाग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. उजळ पार्श्वभूमीवर काळे ठिपके, त्या पेशी. आयुष्यभर जांभळ्या-गुलाबी स्लाइड वाचलेल्या डोळ्यांना हे करडं चित्र वाचायला नव्यानं शिकावं लागतं. हात जरा हलला की चित्र फिसकटतं. पण पॅथॉलॉजिस्ट आपल्या खोलीत बसून तेच चित्र त्याच क्षणी पाहतात आणि 'अजून थोडं डावीकडे' असं सांगू शकतात. आमच्या मते या सगळ्या यंत्रणेतली मोलाची गोष्ट ही आहे, आणि तिच्याबद्दल बोललं जातं सगळ्यात कमी.

(दृश्य: सुईनं काढलेला बारीक तुकडा निळ्या उजेडाखाली लाल दिसतो.)

खोलवरच्या गाठीत फक्त सुई घालता येते. तिथेही हाच उजेड कामी येतो. तुकडा लाल दिसला, तर सुई बहुधा योग्य जागी आहे आणि पुन्हा पुन्हा टोचावं लागत नाही. तपासणीत लिम्फोमा निघाला, तर मोठी शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. उपचाराचा भर औषधांवर असतो.

(दृश्य: पडदे ओढलेली खोली.)

फाइव्ह-एएलएनं काही काळ त्वचा उजेडाला हळवी होते, म्हणून पहिले 24 तास तरी प्रखर उजेडापासून जपतात. जनुकीय तपासण्यांसह अंतिम रिपोर्ट यायला काही दिवस लागतात; रेडिएशन आणि केमोथेरपी त्यावर ठरते.