आधी पाणी, मग फडकं

नमस्कार मंडळी! ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स, आपल्या डेट्रॉईटच्या आसपास जिथे कुठे ऐकताय तिथे चहा घेऊन बसा, आणि गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर जरा जपून, काल रात्रभर बर्फ वितळवायच्या मिठाचे ट्रक फिरलेत आणि रस्ते असे पांढरे झालेत की बर्फ कुठला नि मीठ कुठलं ते कळत नाही. आज त्या मिठाबद्दलच बोलूया. आपण जीव लावलेल्या गाडीचा रंग या मिठातून एप्रिलपर्यंत धड कसा न्यायचा. मी काही मेकॅनिक नाही, माझ्याकडे एक गडद निळी मस्टँग आहे, २००८ ची, इथे जवळच फ्लॅट रॉकच्या कारखान्यात बनलेली. सेकंड हँड घेतली तेव्हा तिच्यावर एक ओरखडा नव्हता. लोक अशी गाडी हिवाळाभर झाकून ठेवतात पण मला ऑफिसला तीच न्यावी लागते, त्यामुळे जे काय शिकले ते गरजेपोटी.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल: आधी पाणी, मग फडकं. गाडीवर पांढरं दिसलं की आधी पाणी, मग फडकं.

आता हे मीठ कसं काम करतं ते पटकन सांगते. आपल्या डेट्रॉईटच्या खालीच, साधारण १२०० फूट खोल, मिठाची खाण आहे, शंभराहून जास्त वर्षं जुनी. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि मीठ मागे राहिलं. मीठ पडलं की पाणी गोठायचं तापमान खाली जातं, रस्त्यावर साधं मीठ १५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ९ सेल्सिअसपर्यंत बरं चालतं, त्याच्या खाली थंडी गेली की कॅल्शियम क्लोराईड, मॅग्नेशियम क्लोराईड असलं मिसळतात. ही दोन जास्त चिवट, हवेतली ओल ओढून घेतात. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, अगदी तसं, म्हणजे गाडी वरून कोरडी दिसली तरी सांधीकोपऱ्यात ओली राहते, आणि गरम गॅरेजमध्ये तर अजून वाईट, कारण बर्फ वितळून ते खारं पाणी सगळीकडे झिरपतं आणि उबेत गंज जोरात चढतो.

पण एक गैरसमज काढते. मीठ रंग खात नाही. वरचा जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो शाबूत असेल तर मीठ त्याचं फारसं काही बिघडवत नाही. बिघडतं दोन ठिकाणी. एक, जिथे खडी उडून रंगाचा टवका गेलाय आणि पत्रा उघडा पडलाय, तिथे मीठ घुसतं आणि रंगाच्या आतून गंज पसरतो, वरून फक्त फोड दिसतो. आणि दुसरं, आपला हात. हो, आपलाच हात. त्याचीच गोष्ट सांगते, आणि ती जरा सावकाश सांगते.

२०१५ ची जानेवारी. आई-बाबा उरणहून आले होते. सगळे जण आईवडिलांना जून-जुलैत बोलावतात, मला ते कधीच पटलं नाही, उन्हाळ्यात आपण कॅम्पिंग, ग्रॅज्युएशन, पिकनिक यातच असतो आणि ते बिचारे सोफ्यावर बसून राहतात, हिवाळ्यात बोलवा हो, घरात सगळे असतात, संध्याकाळी पाचला अंधार पडतो, भाकऱ्या होतात, गप्पा होतात. असो. तर बाबांना जेट लॅगमुळे पहाटे चारला जाग यायची आणि रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नाही. उरणला त्यांची बजाज चेतक होती, वीस वर्षं रोज सकाळी सहाला तिच्यावरून पिवळं फडकं फिरवल्याशिवाय त्यांनी चहाला हात लावला नाही. आम्ही भावंडं त्या फडक्याच्या फटक्-फटक् आवाजाने उठायचो. तर इथे त्यांनी गॅरेजमध्ये माझी गाडी बघितली, पांढरी पडलेली, चाकांच्या मागे तर खडूसारखा थर, आणि त्यांना वाटलं धूळ आहे, पोरीला सकाळी वेळ मिळत नाही, आपण पुसून ठेवू. आणि जुना सुती टॉवेल घेऊन रोज पहाटे, कोरडी, चकाचक, जोर लावून. तीन आठवडे. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी थंडीत गॅरेजमध्ये जाऊ दिलं नसतं.

आणि मला कळलंही नाही, अंधारात निघायचं आणि अंधारात परत यायचं. उलट मनात यायचं, गाडी या वर्षी कमी मळतेय.

मग फेब्रुवारीत एका रविवारी ऊन पडलं. इथलं फेब्रुवारीतलं ऊन तुम्हाला माहितीये, पिवळं, आडवं, सगळं उघडं पाडणारं. मी गाडी बाहेर काढली आणि बॉनेटवर बघते तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे, दारांवर आडव्या रेघा, बोट फिरवलं तर जाणवतील अशा. त्या मिठात वाळू असते, रस्त्याची बारीक खडी असते, कोरड्या फडक्याने ते सगळं रंगावर घासलं की तो सरळ सरळ पॉलिश पेपर होतो. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो हो, आपला केस त्याच्यापेक्षा जाड. मी ओरडले. कुणी केलं हे, असं ओरडले. आणि बाबा मागे उभे, हातात तो टॉवेल.

त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. ते काही बोलले नाहीत, खाली वाकले, दाराच्या खालचा तो पांढरा थर बोटाने उचलला आणि, मी नको नको म्हणेपर्यंत, जिभेला लावला. आणि म्हणाले, "बाय, खारट आहे गं हे. तू मला सांगितलं का नाहीस की हे मीठ आहे?"

खरंच नव्हतं सांगितलं. मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं.

मग ते पायरीवर बसले आणि मला म्हणाले, माझ्या मामाची करंजाला होडी होती, समुद्रावरून आलं की लोखंडाच्या कुठल्याही वस्तूला आधी गोडं पाणी, साखळी असो, पाना असो, मामाची सायकल असो, आधी गोडं पाणी ओतायचं, भरपूर, मग हात लावायचा, कोरडं मीठ कोण पुसतं का, मीठ पाण्यात जातं, फडक्यात जात नाही. मला ठाऊक असतं तर मी हात लावला नसता.

दुसऱ्या दिवशी म्हणाले मला हार्डवेअरच्या दुकानात ने. आता इथे प्रश्न असा की हिवाळ्यात बाहेरचा नळ आपण बंद करून ठेवतो, पाइप फुटू नये म्हणून, मग गोडं पाणी ओतायचं कुठून? बाबा दुकानात फिरत फिरत बागकामाच्या रांगेत गेले आणि तिथे हातपंपाची फवारणीची टाकी होती, दोन गॅलनची, ती उचलून म्हणाले, "अगं हा तर आपला आंब्याचा पंप!" आमच्या वाडीत हापूसच्या मोहोरावर औषध मारायला असाच पंप, पाठीवर घ्यायचा. तो विकत घेतला, आणि नवाच घ्या बरं का, ज्यात कधी तणनाशक भरलंय तो गाडीला नको.

आणि मग बाबांनी जी पद्धत बसवली तीच मी आजही करते. दुपारी, ४० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ सेल्सिअसच्या वर असेल तेव्हा. पंपात कोमट पाणी, गरम नाही, गरम पाण्याने थंड काच तडकू शकते. वरून खाली फवारत यायचं, छपरापासून, आणि चाकांच्या मागे, दाराच्या खालच्या कडेला, मागच्या बंपरखाली थांबून थांबून, मीठ विरघळायला वेळ द्यायचा. घाई नको. पंप पुन्हा भरा, पुन्हा मारा. मग दोन बादल्या, एकीत कार शँपूचं पाणी, दुसरीत साधं, मायक्रोफायबरचा हातमोजा साध्या पाण्यात पिळून मगच परत शँपूत. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स काढून टाकतो. परत एकदा साधं पाणी, आणि शेवटी फडकं, तेही घासायचं नाही, पसरून टिपायचं. दाराच्या रबराच्या पट्ट्या आठवणीने कोरड्या करा, नाहीतर सकाळी दार गोठून चिकटतं. आधी पाणी, मग फडकं.

आठवड्या-दहा दिवसांनी एकदा, आणि ज्यांना हे सगळं जमत नाही त्यांनी ब्रश नसलेल्या, नुसत्या पाण्याच्या झोताच्या वॉशमध्ये जा, खालून पाणी मारणारा पर्याय घ्या, खालची बाजू महत्त्वाची. फिरत्या ब्रशवाल्यात मात्र नको. आधीच्या वीस गाड्यांची वाळू त्या ब्रशात बसलेली असते आणि ती तुमच्या गाडीवर फिरते, हे माझं ठाम मत आहे आणि ते बदलणार नाही.

बाकी तयारी ऑक्टोबरमधली. ५० फॅरनहाइटच्या वर हवा असताना गाडी धुऊन वॅक्स किंवा सिंथेटिक सीलंट लावा, वॅक्स दोन-तीन महिने टिकतं, सीलंट त्याहून जास्त, त्यावर मीठ चिकटून बसत नाही, पाण्याबरोबर सुटतं. आणि टवके बघा. बॉनेटची पुढची कड, चाकांच्या मागचा भाग, दाराची खालची कड. टच-अप पेन मिळतो, माझ्या गाडीच्या रंगाचा कोड ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे, तुमचाही बहुतेक तिथेच असेल. दाराच्या खाली पाणी जायला छोटी भोकं असतात, ती चिखलाने बुजली तर खारं पाणी दारातच साठतं, ती काडीने मोकळी करा. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा टिकाऊ थर, चांगलं आहे, पण ते लावलं म्हणून धुणं सुटत नाही.

आणि एक सांगायचंच आहे, गाडीपलीकडचं. आपल्या ड्राइव्हवेवर आपण स्वतः किती मीठ ओततो? कॉफीचा एक मोठा मग, १२ औंसांचा, २० फुटी ड्राइव्हवेला पुरतो. एक मग. पोतं नाही. आधी फावड्याने बर्फ काढा मग मीठ भुरभुरवा, दाणे दूर दूर पडू देत. हे मीठ शेवटी नदीत जातं, आणि पाण्यात गेलेलं परत काढता येत नाही. फ्लिंट शहर इथून तासाभरावर आहे, तिथे तेव्हा फ्लिंट नदीचंच पाणी नळाला येत होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने फ्लिंट नदीचं पाणी घेणं बंद केलं, कारण त्यातल्या क्लोराईडने इंजिनचे पार्ट गंजत होते. तेच पाणी घराघरात लोक पीत होते. मला ते आठवलं की आजही चीड येते.

हां, तर मस्टँगचं काय झालं. एप्रिलमध्ये, बाबा परत जायच्या आदल्या आठवड्यात, आम्ही पॉलिशिंग मशीन भाड्याने आणलं आणि दोन दिवस गॅरेजचं दार उघडं टाकून बॉनेट आणि दारं पॉलिश केली. बारीक चरे गेले. ड्रायव्हरच्या दारावरच्या दोन रेघा खोल होत्या, त्या काढायला जास्त थर घासावा लागला असता, बाबा म्हणाले अजून घास, मी म्हटलं नाही, राहू दे. त्या अजून आहेत. उन्हात दिसतात. पंपाचा वॉशर मागच्या वर्षी गेला, तो बदलला, पंप तोच आहे.

उद्या शनिवार, दुपारी ४२ फॅरनहाइटपर्यंत जाईल म्हणतायत, रविवारपासून परत बर्फ. दोन ते चार एवढाच वेळ आहे बघा. पाणी आत्ताच घरात काढून ठेवा, उद्यापर्यंत खोलीच्या तापमानाला येईल, मग वेगळं कोमट करायला नको. उरणला तेव्हा मध्यरात्र उलटलेली असेल, तरी बाबांचा फोन येईलच, "धुतलीस का?" म्हणून. चला, येते मी. नमस्कार.