पाचट

(रात्र. माळावरची वस्ती. बॅटरीचा उजेड.)

तासभर झाला, ही डुकरीण पाचट वाहतेय. ढिगातून तोंडभर उचलायचं, कोपऱ्यात नेऊन टाकायचं, पुढच्या पायांनी सारखं करायचं, की पुन्हा ढिगाकडे. मध्येच एक फाटकं पोतं सापडलं, तेही ओढत नेलं. विण्याच्या आदल्या दिवशी डुकरीण घरटं करते. हिला ते कुणी दाखवलेलं नाही. जंगलातली रानडुकरीणही असंच करते.

गाभण राहिल्यापासून ११४ दिवस. म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. लक्षात ठेवायला सोपं.

(पहिलं पिल्लू. कॅमेरा जवळ.)

रात्री दीड वाजता पहिलं आलं. ओलं, थरथरणारं, डोळे उघडे. नाळ अजून मागे लोंबतेय आणि हे आईच्या मागच्या पायाला वळसा घालून निघालंसुद्धा. पहाटेपर्यंत अकरा झाली.

आता भांडण बघा. पुढच्या सडांना दूध जास्त, म्हणून सगळ्यांना पुढेच जायचंय. दोन-चार दिवस ही ढकलाढकली चालते, मग प्रत्येकाचा सड ठरतो आणि दूध तुटेपर्यंत बहुधा तोच राहतो. दर तासाभराने आई अशी घुरघुरते. आवाज एकदम जलद झाला की पिल्लं गप्प होऊन चिकटतात, कारण दूध उतरतं ते जेमतेम वीस सेकंद. चुकलं त्याने पुढच्या पाळीपर्यंत थांबायचं.

(सकाळ. हातगाडी, तीन निळे ड्रम.)

वस्तीतले मामा गावात निघालेत. दोन हॉटेलं, एक मेस, लग्नसराई असेल तर मंगल कार्यालय. तिथलं खरकटं आणायचं, त्यातून प्लॅस्टिक, टूथपिक, लिंबाच्या साली वेचायच्या, मग चुलीवर उकळायचं. हे उकळणं महत्त्वाचं. २०२० साली आसाम-अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर सापडला, आणि तो खरकट्यातूनही पसरतो. माणसाला तो होत नाही. डुकरांवर मात्र ना उपचार, ना भरवशाची लस.

मामा कैकाडी समाजाचे. डुकरं आजोबांपासून. मंगल कार्यालयात गाडी मागच्या दारानेच न्यायची, हेही आजोबांपासून. जेवणावळीतलं उरलेलं पुढच्या दाराने आलेलं असतं, एवढाच फरक.

(रस्ता. गाडी जाताना नाकाला रुमाल लावणारे दोघे.)

हा शॉट आम्ही ठरवून घेतलेला नाही. दर सकाळी मिळाला.

(लोणी भापकर, बारामती तालुका. दगडी वराह.)

आणि हाही तोच प्राणी. पाठीवर झूल, झुलीवर विष्णूच्या छोट्या छोट्या मूर्ती. इथे चपला काढून हात जोडतात. सरकारी कागदावर धंद्याचं नाव ‘वराहपालन’ आहे, बोलताना मात्र ‘डुक्कर’ ही शिवी. एका प्राण्याला दोन शब्द पुरले.

(जुनी कात्रणं, मास्क.)

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला. आजार खोकण्याशिंकण्यातून, माणसाकडून माणसाला होत होता. नाव मात्र डुकराचं लागलं आणि चिकटलं.

जंतांचंही तेच. मेंदूत गाठी करणाऱ्या पट्टकृमीची अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. ती खाऊन डुकराच्या मांसात गाठी होतात. तीच अंडी न धुतलेल्या भाजीवरून किंवा हातावरून माळकऱ्याच्याही पोटात जातात. डुक्कर उघड्यावरचं खातं, हे खरं. उघड्यावर बसलं कोण, ते आपण विचारत नाही.

(चिखलात लोळणारी डुकरं. दुपार.)

डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंग थंड ठेवायचं तर पाणी, नाहीतर चिखल. स्वच्छ पाण्याचं डबकं मिळालं तर त्यातही ते आनंदाने बसतं. आणि जागा पुरेशी असेल तर खायची-झोपायची जागा वेगळी ठेवतं, घाण एका कोपऱ्यात. हे आम्हाला शूटिंगच्या चौथ्या दिवशी लक्षात आलं. तोवर आम्हीही रुमालवालेच होतो.

(पत्र्याची शेड. लोखंडी पिंजऱ्यांची रांग.)

हा दुसरा जिल्हा, खासगी फार्म. मालकांनी मोकळेपणाने दाखवलं, फक्त नाव देऊ नका म्हणाले. पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या माद्या, बटण दाबलं की पाणी, फरशी दिवसातून दोनदा धुतलेली. वास जवळजवळ नाही. पाहुणे इथे नाकाला रुमाल लावत नाहीत. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर माद्या आणि दहा नरांच्या फार्मला ३० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे शिकलेली पोरंही आता या धंद्याची चौकशी करतात.

पिंजरा अंदाजे दोन फूट रुंद, सात फूट लांब. उठता येतं, बसता येतं. वळता येत नाही.

(कॅमेरा एका मादीवर थांबतो.)

ही आज-उद्या विणार. खाली सिमेंट. पाचट नाही, पोतं नाही. तिचे पुढचे पाय बघा.

(पंधरा सेकंद निवेदन नाही. खुरांचा आवाज. मग दातांचा, लोखंडी नळीवर.)

ब्रिटनने गाभण माद्यांचे असे पिंजरे १९९९ साली बंद केले, युरोपीय संघाने २०१३ पासून, गाभणपणाचे पहिले चार आठवडे आणि विण्याआधीचा आठवडा सोडून. आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा. हालचाल करता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात जनावर कोंडू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणजे फार तर दोन वडापाव.

(पुन्हा माळ. टेम्पो.)

आठवा आठवडा. पालिकेची डुक्कर पकड मोहीम मध्ये होऊन गेली, तीत वस्तीतली सहा गेली. उरलेली विकायची घाई म्हणून व्यापारी आज आलाय. अकरांपैकी नऊ. पुढच्या सडावरचं ते दांडगं पिल्लू मामांनी ठेवून घेतलं, आणि एक मादी.

(पिल्लांचे पाय बांधले जातात. टेम्पोचं फळकूट लागतं. डुकरीण कोपऱ्यातल्या पाचटाकडे जाते. निवेदन नाही, फक्त जागेवरचा आवाज.)