सोमनाथ १९५१ : राष्ट्रपती आणि गाभारा

प्रभासपाटणच्या किनाऱ्यावर लाटा ज्या तटाला भिडत आहेत, त्याच्या आतले आजचे सोमनाथ मंदिर प्रभाशंकर सोमपुरा यांच्या आराखड्यावरून उभे राहिले आहे. दाराशी पादत्राणे काढून आत जाणारे हे भाविक पाहताना १९५१ सालचा वाद आठवतो : राष्ट्रपतीला आपले पद असे बाहेर काढून ठेवता येते काय?

१३ नोव्हेंबर १९४७ रोजी सरदार पटेल येथे आले, तेव्हा सोबत काकासाहेब गाडगीळ होते. समोर भग्न भिंती होत्या. जीर्णोद्धाराचा निर्णय त्याच भेटीत जाहीर झाला. खर्च सरकारी तिजोरीतून न होता लोकवर्गणीतून व्हावा, असे महात्मा गांधींनी बजावले आणि पुढे काम न्यासाकडे गेले. डिसेंबर १९५० मध्ये पटेल निवर्तल्यावर केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी ते नेटाने पुढे नेले आणि प्राणप्रतिष्ठेसाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांना निमंत्रण दिले.

या निमंत्रणाला विरोध होता तो पंतप्रधान पंडित नेहरूंचा. मार्च १९५१ मध्ये त्यांनी राष्ट्रपतींना आपली नापसंती लिहून कळवली. देवदर्शनाला त्यांची हरकत नव्हती. राष्ट्रप्रमुखाने भव्य समारंभाच्या अग्रभागी असावे, हे त्यांना मान्य नव्हते. राजेंद्रबाबूंची श्रद्धा निर्मळ होती आणि मशिदीने किंवा चर्चने बोलावले तरी आपण जाऊ, अशी त्यांची भूमिका होती. तरीही आम्हाला नेहरूंचेच म्हणणे पटते, कारण राष्ट्रपतिपद त्या समारंभाला न जाणाऱ्या नागरिकांचेही असते.

आता वाईचा हा कृष्णाकाठ पाहावा. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपतींच्या उपस्थितीत झालेल्या प्राणप्रतिष्ठेचे मुख्य पौरोहित्य येथील प्राज्ञपाठशाळेचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी केले. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे, बुद्धिप्रामाण्य मानणारे आणि पुढे मराठी विश्वकोशाची धुरा वाहणारे शास्त्रीबुवा त्या दिवशी वेदमंत्र म्हणत होते, ही गोष्ट मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावी. मात्र शास्त्रीबुवांकडे राज्याचे कोणतेही पद नव्हते.

हा समारंभ सरकारी नाही, असे नेहरूंनी २ मे रोजीच मुख्यमंत्र्यांना कळवले होते. पुढे सत्तेवरील व्यक्तींच्या हस्ते होणारे धार्मिक विधी नित्याचे झाले. पंढरपुरात आषाढी एकादशीला मुख्यमंत्री सपत्नीक जी महापूजा करतात, तिच्या नावातच ‘शासकीय’ हा शब्द आहे.