रुक्मिणी काऊन रुसली

[दृश्य : वर्धा नदीचं पात्र, हिवाळ्यातली सकाळ. पलीकडे आर्वी तालुक्याचा काठ. दुरून मृदंग.]

भागवत सप्ताहाचा सहावा दिवस म्हणजे लग्नाचा दिवस. घरचंच कार्य असल्यासारखं गाव मंडपात येतं. सहावी-सातवीतली एखादी पोरगी रुक्मिणी होते. एक पोट्टा कृष्ण होतो. ज्याचा आवाज मोठा आणि ज्याला काजळाची मिशी शोभते, तो रुक्मी. रुक्मी आरडाओरडा करत कृष्णाला अडवायला धावतो, कृष्ण त्याला उपरण्यानं बांधतो, ओल्या फडक्यानं त्याची अर्धी मिशी पुसतो आणि सारा मंडप हसतो. मग मंगलाष्टकं, अक्षता, बुंदी. सातव्या दिवशी सुदाम्याचे पोहे, परीक्षितीचा मोक्ष, काल्याचं कीर्तन, पंगत. सप्ताह संपतो.

अर्ध्या मिशीचा रुक्मी मंडपामागेच राहून जातो. त्याचं पुढे काय झालं, हे आमच्या गावात सप्ताहात कधी ऐकलं नाही. खरं तर तो आमचाच माणूस. विदर्भाच्या भीष्मक राजाचा थोरला मुलगा, रुक्मिणीचा सख्खा भाऊ. जिथं तो वाढला म्हणतात, ते कौंडिण्यपूर आमच्याच तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठावर आहे.

[दृश्य : रात्र. मंदिरामागची टिनाची शेड. मोबाईलच्या उजेडात चार चेहरे.]

त्या रात्री पोट्टे शेडमध्ये बसले होते. विषय रुक्मीचा नव्हता, सर्सी राणीचा होता. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ड्रॅगनांच्या दुनियेतली ही राणी. पहिलं पुस्तक 1996 साली आलं, पाचवं 2011 साली, आणि सहाव्याची वाट जग अजून पाहतं आहे. टीव्हीवरची मालिका, 'गेम ऑफ थ्रोन्स', 2019 साली संपली, पण पोरांच्या मते ती काही खरा शेवट नाही. पुस्तकात लहानपणी सर्सीला एक म्हातारी भविष्य सांगते : तुझा जीव 'वॅलोंकार' घेईल. वॅलोंकार म्हणजे धाकटा भाऊ. सर्सी आयुष्यभर धाकट्या भावाला, टिरियनला भीत राहते, त्याचा द्वेष करते. मालिकेनं भविष्याचा नेमका हा तुकडा गाळला. शेडमधला एक जण, दिवसा संत्र्याच्या गाड्या भरतो, तो अगदी तळमळून सांगत होता, "टिरियन नाही बे, जेमी! जुळा हाय, पन तिच्या मागून जल्मला. म्हनजे धाकटाच झाला ना!" दुसऱ्याला ते पटत नव्हतं. रात्रीचा एक वाजत आला होता.

माझी आजी ओसरीवरून हे ऐकत होती. तिला सर्सी माहीत नाही, ड्रॅगन माहीत नाहीत. तिनं एवढंच विचारलं, "भाऊ बहिणीले मारते म्हनता? आपल्याकडं तं बहिणीनं भावाले वाचवलं. तरी मेला."

कोण मेला, आजी?

"रुक्मी. दुसरा कोन?"

[दृश्य : लाल कापडात बांधलेली भागवताची पोथी. पानं उलटणारा हात.]

दुसऱ्या दिवशी मी दहावा स्कंध उघडला. लग्नाची कथा 52व्या अध्यायापासून 54व्यापर्यंत आहे. रुक्मीला बहीण शिशुपालाला द्यायची आहे. शिशुपाल जरासंधाच्या गोटातला, म्हणजे ही सोयरीक राजकारणाची. रुक्मिणी ब्राह्मणाच्या हाती निरोप धाडते. अंबिकेच्या दर्शनाहून परतताना कृष्ण तिला रथात घेतो. रुक्मी प्रतिज्ञा करतो : कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे कौंडिण्यपुरात, पाऊल ठेवणार नाही. तो हरतो. कृष्ण तलवार उचलतो, तेवढ्यात रुक्मिणी पाय धरून भावाचा जीव मागते. कृष्ण त्याला मारत नाही, कापडानं बांधतो आणि त्याचे केस-मिशा वेड्यावाकड्या भादरतो.

याच्यापुढची ओळ सप्ताहात कोणी वाचून दाखवत नाही. बलराम येतो आणि रुक्मीला सोडवतो. तो कृष्णाला सुनावतो : आप्ताला असं विद्रूप करणं म्हणजे त्याचा वधच. त्या सगळ्या गर्दीत रुक्मीची लाज राखायला पुढे झालेला माणूस बलराम होता. एवढं लक्षात ठेवा.

[दृश्य : कौंडिण्यपूरचा घाट. टेकाडावरचं अंबिकेचं देऊळ.]

हरण झालं ते अंबिकेचं देऊळ कोणतं, यावरूनही आमच्या जिल्ह्यात दोन तट आहेत. कौंडिण्यपूरवाले टेकाडावरचं देऊळ दाखवतात. अमरावतीकर अंबादेवीचं नाव घेतात आणि कौंडिण्यपुरातून तिथवर भुयार होतं असं सांगतात. दोन्ही बाजूंना माझे नातेवाईक आहेत, तेव्हा मी यात पडत नाही. पुरातत्त्वज्ञांनी 1960च्या दशकात कौंडिण्यपूरला उत्खनन केलं. वस्ती फार जुनी आहे, हे नक्की.

रुक्मीनं प्रतिज्ञा पाळली. कृष्ण जिवंत, बहीण गेलेली, म्हणून तो घरी परतलाच नाही. जिथं हरला तिथंच त्यानं नवं नगर वसवलं, भोजकट.

[दृश्य : भातकुली. जैन मंदिराचं शिखर. बाजाराचा दिवस.]

भोजकट म्हणजे अमरावतीजवळचं भातकुली, असं इकडे मानतात. इथलं जैन मंदिर नावाजलेलं आहे आणि तिथल्या आदिनाथांच्या मूर्तीचा संबंधही भाविक रुक्मी राजाशी जोडतात. मंदिराबाहेर तुरीच्या शेंगा विकणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, रुक्मी खलनायक होता का हो? त्या म्हणाल्या, "आमच्या गावाचा राजा व्हता बाप्पा. खराब कसा म्हनू?"

हे नाव केवळ कथेतलं नाही, आणि याचं मला फार अप्रूप आहे. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला. चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची त्यात नोंद आहे, आणि गावाचा पत्ता लिहिला आहे : भोजकट राज्य. हरलेल्या, मिशी भादरलेल्या माणसानं रागात वसवल्याचं पुराण सांगतं, त्या नगराच्या नावानं पुढे एक अख्खा मुलूख ओळखला जात होता. तो माणूस सप्ताहात सहाव्या दिवशी संध्याकाळी गायब होतो.

खलनायकाला घरचा मानण्यात विदर्भ तसाही वेगळा आहे. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात रावणाची दहा तोंडांची दगडी मूर्ती आहे. दसऱ्याला तिथं रावण जळत नाही, त्याची आरती होते. मेळघाटात चिखलदऱ्याचं नाव कीचकावरून सांगतात : भीमानं त्याला मारून दरीत फेकलं, तो कीचकदरा. विराटाची नगरी विद्वान राजस्थानात दाखवतात, त्यानं चिखलदऱ्याला काही फरक पडत नाही.

पण कीचक मेला, रावण मेला, त्यांचा हिशोब संपला. रुक्मीचा संपत नाही. म्हणून मी त्याच्यामागे गेले.

[दृश्य : निवृत्त गुरुजींचं घर. भिंतीला टेकलेली सायकल. टेबलावर महाभारताचे खंड.]

गावातले निवृत्त गुरुजी रुक्मीचे खरे जाणकार. ते उद्योगपर्व काढून बसले. युद्ध तोंडावर आलं आहे. रुक्मी एक अक्षौहिणी सैन्य घेऊन पांडवांकडे येतो आणि अर्जुनाला म्हणतो, भीती वाटत असेल तर मी आहे. अर्जुन हसतो, मला कसली भीती? रुक्मी तसाच दुर्योधनाकडे जातो, तेच बोलतो. तोही नको म्हणतो. विजय नावाचं दिव्य धनुष्य हातात असलेला वीर माघारी फिरतो. व्यास लिहितात, त्या युद्धापासून दोघेच दूर राहिले. एक बलराम, दुसरा रुक्मी.

"आता पाहा," गुरुजी म्हणाले, "हे दोघे पुन्हा कुठं भेटतात ते."

भेटतात ते लग्नाच्या मंडपात. भागवत, दहावा स्कंध, अध्याय 61. मधल्या काळात रुक्मीनं आपली मुलगी रुक्मवती बहिणीच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली. अपमान तो विसरला नव्हता. पोथी स्पष्ट सांगते : वैर आठवत असूनही बहिणीला बरं वाटावं म्हणून दिली. पुढे आपली नात रोचना त्यानं प्रद्युम्नाच्या मुलाला, अनिरुद्धाला दिली. हा संबंध धर्माला धरून नाही हे ठाऊक असूनही दिली, कारण तो स्नेहपाशात बांधलेला होता. 'स्नेहपाश' हा शब्द पोथीतलाच आहे, माझा नाही.

आमच्याकडे मामाची पोरगी करतात. भावानं बहिणीला 'तुझ्या घरात माझं रक्त येऊ दे' म्हणण्याचा तो जुना मार्ग. कृष्णाशी तोंड न उघडता रुक्मी बहिणीशी बोलत राहिला, दोन पिढ्या. खलनायक म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. मला इथं उंबऱ्याबाहेर उभा असलेला भाऊ दिसतो.

आणि त्याच लग्नात, भोजकटात, कलिंगाचा राजा रुक्मीचे कान भरतो : बलरामाला द्यूत येत नाही, पण नाद फार. डाव मांडला जातो. शंभर, हजार, दहा हजार. रुक्मी जिंकत जातो. कलिंग दात काढून हसतो. मग लाखाचा डाव बलराम जिंकतो, तरी रुक्मी म्हणतो, मी जिंकलो. त्याहून मोठ्या डावावरही तेच. आकाशवाणी बलरामाच्या बाजूनं बोलते. रुक्मी ऐकत नाही. उलट म्हणतो, तुम्ही रानातले गवळी, फासे खेळणं राजांचं काम. बलराम परिघ, म्हणजे लोखंडी सोटा, उचलतो आणि भरल्या लग्नमंडपात त्याला ठार करतो. ज्यानं एकदा गाठ सोडली होती, त्याच्याच हातून.

गुरुजींचं म्हणणं, हे लग्न युद्धानंतरचंच असलं पाहिजे, कारण उद्योगपर्वात रुक्मी जिवंत आहे. म्हणजे 18 अक्षौहिणी खपल्या त्या युद्धातून दोघे बाजूला राहिले, आणि त्यातला एक दुसऱ्याकडून फाशांपायी मेला. शेडमधल्या पोरांना हे मी सांगितलं तेव्हा जेमीवाला काही वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "याच्यावर सिरीज काऊन नाही बनली?" दुसऱ्यानं लगेच काट काढली : भागवतात अनिरुद्धाचं लग्न महाभारताच्या पुष्कळ आधी येतं, गुरुजींची थेअरी बसत नाही. गुरुजींचं उत्तर, पुराणं तारखेनं लिहिलेली नसतात. वाद अजून चालू आहे.

[दृश्य : आजी. चुलीपुढे. मागे कापसाचा ढीग.]

आजीला तारखांशी देणंघेणं नाही. तिचं बोट त्याच अध्यायातल्या एका श्लोकावर आहे. तिला वाचता येत नाही. तरुणपणी एका बुवांच्या तोंडून ऐकलं ते तिनं जपलं आहे. मेहुणा मारला गेल्यावर कृष्ण काय म्हणाला? पोथी सांगते : बरं झालं म्हणाला नाही, वाईट झालं म्हणाला नाही. रुक्मिणी आणि बलराम, दोघांचाही स्नेह तुटू नये म्हणून तो काहीच बोलला नाही.

आणि रुक्मिणी? तिच्याबद्दल तिथं पुढे एक ओळ नाही. नवरी रथात बसते, वऱ्हाड द्वारकेला निघतं.

पंढरपुरात रुक्मिणीचं देऊळ विठ्ठलाच्या मागे, वेगळं का, हे सगळा महाराष्ट्र जाणतो. राधेला कृष्णाजवळ पाहून ती रुसली, दिंडीरवनात येऊन बसली, देव तिला शोधत आला. आजी हे मानत नाही.

"राधेपायी कोनी एवढं रुसते का, पोरी? पाय धरून भावाचा जीव मांगतला व्हता तिनं. थो जीव नातवाच्या लग्नात गेला, अन् हा मानूस चूप बसला. त्याच्यापायी रुसली थे."

मी म्हटलं, आजी, असं कुठं लिहिलेलं नाही.

"लिवनारा कोन व्हता? बाई व्हती का?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण अर्धंच. याच अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला, तेराव्या शतकात महदाइसेनं श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायले. महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या इच्छेवरून. मराठीतली पहिली कवयित्री तिला म्हणतात, आणि तिनं निवडली ती हीच गोष्ट. पण धवळे म्हणजे लग्नाची गाणी, ती लग्नातच थांबतात. एकनाथांचं 'रुक्मिणी स्वयंवर', लग्न जुळावं म्हणून मुली ज्याची पारायणं करतात, तेही लग्नापाशीच. अध्याय 61 कोणाच्या ओठावर आलाच नाही.

एक खोट मात्र मी आजीला दाखवली. भीष्मकाला पाच मुलगे होते. रुक्मी गेला तरी रुक्मिणीला चार भाऊ उरले : रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली. भाऊबीज अडली नसेल.

आजी बराच वेळ भाकरी थापत राहिली. "चार असतीन," ती म्हणाली. "पन भांडला थो एकच व्हता ना."

[दृश्य : ज्येष्ठ महिना. कौंडिण्यपूर. रुक्मिणीची पालखी निघते आहे. पताका, तुळशी, पावसाचं आभाळ.]

आषाढीसाठी कौंडिण्यपूरहून पंढरपूरला पालखी जाते. रुक्मिणीच्या माहेरची पालखी. चारशेहून जास्त वर्षांची परंपरा. गावोगावच्या बाया तिच्यात काहीबाही देतात, माहेरवाशिणीसाठी. आजी आता चालू शकत नाही, म्हणून ती आमच्या आळीतल्या एका वारकरी काकांजवळ दर वर्षी एक खण आणि एक्कावन्न रुपये देते.

यंदा कॅमेरा चालू होता. काकांनी पुडकं घेतलं, पदराखालून आलेले पैसे मोजले आणि नेहमीसारखं विचारलं, कोणाच्या नावानं वाहू, मावशी?

"भावाकडून आली म्हना," आजी म्हणाली. "भोजकटाहून."