दहाच्या आतला माउंट केनिया

श्रोतेहो, नमस्कार. माउंट केनियावर सकाळचे दहा-साडेदहा वाजले की फोटो काढणाऱ्याचं काम बहुतेक आटोपलेलं असतं. खालच्या जंगलातून ढग वर चढू लागतात आणि बघता बघता बातियान आणि नेलियन ही दोन्ही शिखरं गडप होतात. मग दुपारभर तंबूत बसून लेन्स पुसत राहायची. तेव्हा तिथे निघालेल्यांनी कोणती लेन्स घ्यावी हे मागाहून विचारावं, आधी पहाटे चारचा गजर लावायची सवय करावी.

हा डोंगर विषुववृत्ताला खेटून उभा आहे. उंची 5199 मीटर, आफ्रिकेत किलिमांजारोच्या खालोखाल. मुळात हा विझलेला ज्वालामुखी. नळीत थिजलेला कठीण खडक तेवढा टिकला, भोवतालचं झिजून गेलं, म्हणून माथ्याला असे उभे कडे. सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास उगवतो आणि जवळजवळ सरळ वर चढतो. कोवळं ऊन म्हणावं तोवर ते भगभगीत झालेलं असतं. त्यात हवा विरळ, त्यामुळे सावल्या काळ्याकुट्ट पडतात.

बाजू कोणती निवडायची, हे मात्र पंचांग बघून ठरवावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य उत्तरेला कललेला असतो, तेव्हा उत्तरेकडचे कडे उजळतात. अशा वेळी सिरिमोनच्या वाटेने शिप्टन कॅम्पला जावं. जानेवारी-फेब्रुवारीत ऊन दक्षिणेकडच्या अंगावर येतं, तेव्हा टेलेकी खोऱ्यातला मॅकिंडर कॅम्प बरा. हे दोन्ही काळ तुलनेने कोरडे. मार्च ते मे पावसाचे, ते टाळलेले चांगले.

आता माझं खरं म्हणणं सांगतो. शिखराचे फोटो सगळेच काढतात, आणि ते सगळ्यांचे सारखेच येतात. माझा बराचसा वेळ जातो तो साडेतीन ते सव्वाचार हजार मीटरच्या पट्ट्यात, जमिनीलगत. तिथे वर्षभर रोज रात्री हिवाळा आणि रोज दिवसा उन्हाळा असतो. रात्री पारा शून्याखाली, दुपारी अंग भाजणारं ऊन. त्यातून तगून राहायच्या झाडांच्या युक्त्या कॅमेऱ्यात पकडता येतात, आणि तोच या डोंगराचा खरा चेहरा आहे असं मला वाटतं.

डेन्ड्रोसेनेसिओ नावाचं झाड घ्या. माणसाहून कितीतरी उंच, खांबासारखं खोड आणि टोकाला कोबीचा गड्डा. वाळलेली पानं गळून पडत नाहीत, खोडालाच बिलगून राहतात. तेच त्याचं पांघरूण. रात्री वरची हिरवी पानं आत मिटतात आणि मधला कोंब झाकून घेतात. पहाटे एक फोटो, आठ वाजता त्याच जागेवरून दुसरा, दोन्ही शेजारी ठेवले की पानं उघडलेली स्पष्ट दिसतात.

लोबेलिया त्याहून नवलाची. एका जातीच्या पानांच्या बेचक्यांत पाणी साठतं. पहाटे त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला असतो आणि त्याच्याखाली कोंब न गोठता सुखरूप असतो. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून, तिरक्या उजेडात हे बघावं. ऊन पडलं की कडेने आधी पाणी सुटतं आणि पापुद्रा मधेच तरंगू लागतो. हाताशी वेळ थोडाच असतो. या लोबेलियांचं भावंड आपल्या सह्याद्रीतही आहे बरं का. महाबळेश्वरकडे हिवाळ्यात पांढऱ्या फुलांचे उंच तुरे दिसतात ना, ती देवनळ याच प्रजातीतली.

दुसरी, लोबेलिया टेलेकी, अंगभर केसाळ. सूर्य तिच्या पाठीमागे ठेवला तर तुऱ्याची कड झळाळून उठते. पण याच तुऱ्यावर मधासाठी एक शिंजीर येतो. नर पाचूसारखा हिरवा, लांब शेपटीचा, छातीच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांचे झुबके. ही हिरवी झळाळी उजेडाच्या कोनावर अवलंबून. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तरच ती दिसते, नाहीतर पक्षी नुसता काळा. म्हणजे झाड हवं तर सूर्य समोर, पक्षी हवा तर पाठीमागे. दोन्ही एका फोटोत साधायच्या भानगडीत मी पडत नाही. एक तुरा निवडावा, तीनशे-चारशे मिलिमीटरची लेन्स लावून गुमान बसावं. शिंजीर परत येतो.

हायरॅक्स हा सशाएवढा, गुबगुबीत प्राणी, नात्याने मात्र हत्तीचा जवळचा. सकाळी खडकावर ऊन खात ही मंडळी पसरलेली असतात आणि कॅम्पपाशी तर पायात येतात. बिस्किटं दाखवून काढलेला फोटो मला फोटोच वाटत नाही, शिवाय त्यांची सवय बिघडते ती वेगळीच. खालच्या जंगलात आणि बांबूच्या रानात हत्ती, रानरेडे आहेत. तिथे वाटाड्याला सोडून पुढे जायचं नाही, फोटो गेला तरी चालेल.

थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात. रात्री त्या झोपायच्या पिशवीत, अंगाशी घेऊन झोपा. कॅमेरा मात्र बाहेरच्या थंडीतून एकदम उबेत आणू नका. आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, म्हणजे लेन्सवर दव धरणार नाही. आणि डोकं ठणकू लागलं, मळमळू लागलं तर सूर्योदयासाठी वर चढायचा हट्ट सोडून खाली उतरा.

एक फोटो मात्र प्रत्येकाने काढावा. 1899 मध्ये मॅकिंडर या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाची मोहीम बातियानवर पोचली. तिच्यात कॅम्पबेल हाउसबर्ग फोटो काढायला होता. त्या काळच्या कितीतरी हिमनद्या आता उरलेल्या नाहीत. लेनाना शिखराच्या वाटेवर लुईस हिमनदी लागते, तीही आक्रसत चालली आहे. फोटो देखणा येणार नाही, धूळ बसलेला राखाडी बर्फ तेवढा दिसेल. तरी काढा, आणि फोटोमागे तारीख, वेळ आणि तुम्ही नेमके कुठल्या खडकापाशी उभे होतात ते लिहा. पुढे कुणी त्याच खडकापाशी उभा राहिला, तर त्याला दोन्ही फोटो ताडून बघता येतील.