ओले सरपण

तत्त्वज्ञानाच्या शाखांची ओळख मी आज लवकर आटोपणार आहे. जे आहे त्याचे मूळ स्वरूप काय, हे सत्ताशास्त्र विचारते. ते आपल्याला कळते कसे, हे ज्ञानमीमांसा. आणि वागावे कसे, हे नीतिशास्त्र. या तिघींचेही ज्याच्यावाचून पान हलत नाही ते तर्कशास्त्र, आणि त्यातही अनुमान नेमके कुठे घसरते, एवढाच आजचा विषय आहे.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, हेतू म्हणजे अनुमानासाठी दिलेले कारण. सदोष हेतूला तिथे ‘हेत्वाभास’ म्हणतात. जो हेतू नव्हे, पण हेतूसारखा दिसतो, तो हेत्वाभास. चूक चुकीसारखी दिसली असती तर फसले कोण असते? गौतमाच्या न्यायसूत्रांत हेत्वाभास पाच आहेत. 17व्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही पाचच आहेत, मात्र नावे आणि मांडणी बदललेली आहे. त्यांपैकी एकच आपण उलगडून पाहू.

‘डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे’ हे अनुमान निर्दोष. त्याला दृष्टांत स्वयंपाकघराचा. आता हेच उलटे करा: ‘डोंगरावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे.’ ऐकायला तितकेच खरे वाटते, पण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. (आज गोळा तापवायचीही गरज नाही. ज्या स्वयंपाकघराचा दाखला शास्त्रकारांनी धुराच्या बाजूने दिला, तिथेच गॅसची निळी ज्योत बिनधुराची जळते.) मग अग्नीबरोबर धूर येतो तो कशामुळे? सरपण ओले असते म्हणून. जिथे तसा धूर तिथे ओले सरपण असतेच. पण जिथे अग्नी तिथे ते असेलच असे नाही. अशा लपून बसलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात आणि उपाधी सापडली की हेतू बाद होतो.

माझ्या मते या शास्त्रातली रोजच्या व्यवहाराला सर्वांत उपयोगी कल्पना हीच आहे. ‘शेजारच्या मुलीने क्लास लावला आणि तिला नव्वद टक्के मिळाले, तेव्हा आपणही लावू’ असे घरोघरी बोलले जाते. ती घरी रोज दोन तास वहीत गणिते सोडवत बसते, हे ओले सरपण कोणी पाहत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो खरे, पण इथे निव्वळ योगायोगही नाही. कारण आहे, फक्त ते दुसरीकडे आहे.

हेत्वाभासात प्रामाणिक माणूसही सापडतो. ‘छल’, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दांचा भलताच अर्थ लावणे, मात्र जाणूनबुजून केलेला असतो आणि न्यायसूत्रांनी त्याला वेगळा पदार्थ, म्हणजे विचाराचा स्वतंत्र विषय, मानले आहे. भाष्यकार वात्स्यायनांचे उदाहरण मराठीतही जसेच्या तसे चालते. ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे त्याच्याजवळ नवी घोंगडी आहे, असे कोणी म्हणतो. त्यावर प्रतिपक्षी विचारतो, ‘नऊ कुठे आहेत? मला तर एकच दिसते.’