गोवर आणि बोटांवरचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. कारखाने सुरू झालेत, वाळवा-पलूस भागात ऊसतोड जोरात आहे आणि शिवारात तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्यात. तोडकऱ्यांबरोबर त्यांची लेकरंही आलीत. लसीचं कार्ड मात्र बऱ्याचदा गावाकडच्या पेटीतच राहतं.

अशाच एका कोपीत पोराला गोवर उठला होता. कानामागून उतरत आलेला लाल पुरळ, लाल झालेले डोळे, दाराला कडुलिंबाचा डहाळा. शेजारच्या कोपीतली मावशी दहा महिन्यांची नात कडेवर घेऊन उभी. म्हणाली, "हिला अजून काय नाय. ताप आला की आणते दवाखान्यात."

ताप यायला साधारण दहा दिवस लागतात हो! आणि लस टोचून गोवर अडवायचा तर संपर्क आल्यापासून 72 तासांच्या आत टोचावी लागते. त्यातही एक गोम आहे. पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासूनच ते पोर गोवर पसरवत असतं, आणि ते उठून गेलं तरी विषाणू त्या जागेच्या हवेत 2 तासांपर्यंत राहतो. त्यामुळे पुरळ कधी दिसला ते नका मोजू. पोरं एकत्र कधी आली ते आठवा. तीन दिवस उलटले असले तरी जा. ही खेप कदाचित चुकणार नाही, पण पुढची चुकेल.

मावशीची सून पोटुशी होती, आणि गोवराची लस गरोदरपणात देत नाहीत. सहा महिन्यांच्या आतलं तान्हं, कॅन्सरचे उपचार चाललेला माणूस, यांचंही तसंच. त्यांना इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रोगाशी लढणारी तयार प्रतिपिंडं देता येतात. तीही 6 दिवसांच्या आत. हे इंजेक्शन उपकेंद्रात मिळायचं नाही, डॉक्टर ठरवतील तसं मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. पण अशा माणसाला गर्दीच्या ओपीडीत नेऊन बसवू नका, आधी फोन करा.

सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाला साथीत जादा डोस मिळाला, तरी नववा महिना संपल्यावरचा आणि 16 ते 24 महिन्यांमधला, हे दोन्ही डोस घ्यायचेच.

मावशीनं बोटांवर मोजलं. "परवा रात्री ट्रकातून उतरलो, तवाच पोरं एकत्र आली." म्हणजे वेळ होती. सिस्टरनी नातीच्या उजव्या दंडात लस टोचली, सुनेला चिठ्ठी दिली. नात अजून रडतच होती, तेवढ्यात मावशी म्हणाली, "थांबा बाई, पलीकडच्या गाडीवानाची दोन हायती, त्यांनाबी आणते."